थंड इंजिन

फाटकाशी आल्यावर ताईच्या नवऱ्याने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो नुसता बसून राहिला. फाटक सताड उघडं होतं. आत दुरुस्तीला आलेल्या होड्या लाकडी टेकूंवर उभ्या होत्या, त्यांच्यामधून खडीची वाट शेडपर्यंत गेली होती, आणि शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बाबा बसले होते.

"मी येतोय हे माहीत आहे ना त्यांना?" त्याने विचारलं.

"एकीला माहीत आहे," ताई म्हणाली.

ती एक म्हणजे तिची भावजय, थोरल्या भावाची बायको. तिनेच चोरून फोन केला होता. यार्डातली जुनी पिकअप पाण्यात जाणाऱ्या उतारावर ऐन वेळी बसली, गिअरबॉक्सचा पार चुरा झाला. वादळी दिवस तोंडावर आलेत, होड्या पाण्याबाहेर काढून द्या म्हणून लोक रोज दारात उभे राहतात, आणि हे तिघं बाप-लेक तीन दिशांना तोंडं करून बसलेत. दाजींकडे ओढायच्या ताकदीची एखादी गाडी असेल तर घेऊन या, बाकीचं मी बघते, असं ती म्हणाली होती. बाकीचं म्हणजे काय, ते ताईने विचारलं नाही.

ते विचारण्यासारखं नव्हतंच. ताईचा नवरा जुन्या डिझेल गाड्या घेऊन-विकून पोट भरणारा माणूस. लग्नानंतर काही वर्षांनी त्याने सासऱ्यांना एक पिकअप विकली होती. तिने एक हंगाम नीट काढला, आणि दुसऱ्या हंगामात भरल्या ट्रेलरसकट उतारावरून मागे गेली. ब्रेकची नळी आतून गंजली होती. होडी फुटली, आणि मागे उभ्या असलेल्या थोरल्याचा पाय ट्रेलरखाली आला. मला माहीत नव्हतं, असं नवरा म्हणाला होता. माहीत नव्हतं तर विकलीस कशाला, असं थोरला दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला होता. त्या दिवसापासून नवरा या फाटकाच्या आत आला नव्हता. काही सांगायचंच झालं तर थोरला ताईला सांगायचा, तुझ्या नवऱ्याला म्हणावं अमुक. आणि नवरा म्हणायचा, तुझ्या भावाला सांग तमुक. इतकी वर्षं ती दोघांमधली टपालपेटी होऊन राहिली होती.

"चल," ती म्हणाली. "इथे बसून काय होणार आहे."

आत गेल्यावर दिसलं की शेडच्या बाजूला आधीच एक गाडी उभी आहे. काळीभोर, आरशासारखी चकचकीत, आणि तिचा धाकटा भाऊ त्या चकचकीत गाडीला आणखी पुसत होता. शेजारी इस्त्रीचा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मधाच्या पेट्या फुलांच्या हंगामाप्रमाणे गावोगाव हलवायचा त्यांचा धंदा. सगळे त्यांना मधवाले काका म्हणत. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून गाडी विकायला काढली होती. धाकट्याने ती शोधून आणली होती आणि एव्हाना मनातल्या मनात घेऊनही टाकली होती.

थोरला लंगडत शेडमधून बाहेर आला. पांढऱ्या पिकअपमधून कोण उतरलं ते त्याने पाहिलं आणि बहिणीकडे वळला.

"याला कुणी बोलावलं?"

"मी," भावजय मागून म्हणाली. ओले हात पदराला पुसत ती पायरीवर उभी होती. तिची नजर खाली गेली नाही.

थोरला पायरीकडे वळला. बायको त्याच्या बाजूची, हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं की ती दुसरीकडे उभी राहू शकते, हा विचारच त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा समोरच्या होडीचा तळ न्याहाळत होते, जणू हे भांडण शेजारच्या घरातलं आहे.

"आलाय तर आलाय," ते शेवटी म्हणाले. "दोन गाड्या दारात आहेत. दोन्ही बघा."

नवऱ्याने मग कुणी विचारायच्या आधीच आपल्या पांढऱ्या गाडीची सगळी कुंडली मांडली. गाडी किती चालली आहे, कुठला इंजेक्टर बदलला आहे, मागच्या बाजूला चासीला गंज होता तो कापून कुठे वेल्डिंग केलं आहे, तेही वाकून हाताने दाखवलं. थोरला हाताची घडी घालून ऐकत राहिला. ताईला वाटलं, याने एवढं खरं बोलायला नको होतं. लगेच तिला स्वतःचाच राग आला.

धाकटा मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, "जावईबापू, तुम्ही धंद्यातले. आता या काळ्या गाडीत काय खोट आहे तेही सांगून टाका. आमच्याही ज्ञानात भर पडेल."

'जावईबापू' म्हणताना त्याने मुद्दाम मान लववली. थोरला पहिल्यांदाच जरासा हसला. नवऱ्याने ते मनावर घेतलं नाही. मधवाल्या काकांना नमस्कार केला, गाडी बघू का म्हणून रीतसर विचारलं, आणि काळ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला.

जुनी डिझेल गाडी विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, कारण थंड इंजिनाचं दुखणं पहिल्या किल्लीलाच कळतं, हे या यार्डात पोरंटोरंही जाणत होती. काका म्हणाले की धाकट्याने लांबून चालवत आणली आहे, तापणारच. नवरा हो म्हणाला आणि दार उघडून आत वाकला. मीटरवरचा आकडा जुन्या गाडीच्या मानाने फारच कमी होता, आणि पायाखालच्या पॅडलचं रबर कोरं करकरीत. गाडी किती चालली ते मीटर लपवू शकतं, पण झिजलेलं रबर लपवत नाही. म्हणून लबाड लोक ते आधी बदलतात. मग तो जमिनीवर उताणा होऊन गाडीखाली सरकला आणि लगेचच बाहेर आला. बोटाला काळा रंग लागला होता. खालची सगळी चासी नुकतीच रंगवली होती, गंज झाकायला रंगवतात तशी.

"झालं," थोरला म्हणाला. "तीन गोष्टी, तिन्ही वाईट. कळलं आम्हाला."

धाकट्याचं तोंड उतरलं. काकांनी सदऱ्याची बाही उगाचच ओढून सरळ केली. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू त्यांच्याच घरात येऊन कुणी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला.

ताई नवऱ्याकडे बघत होती. आता त्याने काही बोलायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवून बोट पुसलं असतं, तरी काळी गाडी बाद झाली असती आणि पांढरी उरली असती. ती पांढरी गाडी घरामागे किती दिवस पडून होती, हे ताईलाच ठाऊक होतं. बॅटरी मरू नये म्हणून तो रोज सकाळी ती थोडा वेळ चालू करून ठेवायचा, आणि त्या आवाजाने तिला जाग यायची. थांब आता, असं तिच्या मनात आलं. इथेच थांब.

"मला अजून काहीच कळलेलं नाही," नवरा म्हणाला. "इंजिन पूर्ण थंड होऊ दे. कुणी किल्ली लावू नका. दुपारनंतर बघू."

*

जेवायला तो आत आला नाही. कुणी बोलावलंही नाही. काकाही मग संकोचाने बाहेरच राहिले, आणि भावजयीने दोघांची ताटं शेडच्या सावलीत, रचून ठेवलेल्या फळ्यांवर नेऊन दिली.

आत स्वयंपाकघरात दोघा भावांची जुंपली. धाकट्याचं म्हणणं, या माणसाला स्वतःची गाडी खपवायची आहे, तो दुसऱ्याची चांगली कशाला म्हणेल. त्यावर थोरला म्हणाला की त्याने हेरलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मग तुझ्या डोळ्यांना त्या का दिसल्या नाहीत. सकाळपर्यंत मेहुण्याविरुद्ध एक असलेले हे दोघे आता एकमेकांवर उठले होते. भावजय भाकरी वाढता वाढता म्हणाली की मागच्या वेळी कुणीच खाली वाकून बघितलं नव्हतं, विकणाऱ्यानेही नाही आणि घेणाऱ्यांनीही नाही. आज निदान एक जण तरी वाकतोय. यावर थोरला ताटात बघत जेवत राहिला. पाय त्याचाच अधू झाला होता, म्हणून हे वाक्य त्याला कुणी इतक्या वर्षांत ऐकवलं नव्हतं.

मग धाकट्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ताईकडे वळला. या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"ताई, तू राहतेस त्याच्याबरोबर. तू सांग. खरं बोलेल तो?"

सगळे थांबले. बाबांचाही घास हातातच राहिला. बायकोने नवऱ्याची बाजू घेणं सोपं होतं, आणि बहिणीने भावांना गोड वाटेल ते बोलणंही सोपं होतं. ताईने खिडकीतून बाहेर पाहिलं. नवरा आणि काका फळ्यांवर बसून बोलत होते. काका दोन्ही हात पसरून काहीतरी दाखवत होते, बहुधा पेट्या कशा रचायच्या ते, आणि नवरा जेवायचं सोडून ऐकत होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझा जीव त्याच्यावर आहे, पण ही गोष्ट मला माहीत नाही. तुमच्याइतकंच मलाही बघायचंय."

बाबांनी हातातला घास तोंडात घातला. थोरल्याने भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

*

दुपार कलल्यावर सगळे पुन्हा काळ्या गाडीभोवती जमले. नवऱ्याने थोरल्याकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं म्हटलं की बॉनेटला कुणीतरी हात लावून बघा. थोरल्यानेच लावला. थंडगार होतं.

नवऱ्याने किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेपर्यंत वाट पाहिली, आणि मग स्टार्टर दिला. गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. मागच्या नळीतून पांढऱ्या धुराचा एक झोत आला, हवेत विरला आणि पुन्हा आला नाही. त्याने गाडी तशीच चालू ठेवली, बॉनेट उघडलं, इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवून दिलं.

"आतून झिजलेलं इंजिन असेल ना," तो धाकट्याला म्हणाला, "तर हे झाकण नाचायला लागतं. कधीकधी उडून खाली पडतं."

सगळे त्या झाकणाकडे टक लावून बघत राहिले. झाकण थरथरत होतं, पण जागचं हललं नाही.

मग त्याने रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का ते पाहिलं. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिन गचकन बंद पडलं. धाकटा हिरमुसून म्हणाला, बंद पडली की. नवरा म्हणाला, पडायलाच पाहिजे, चालू राहिली असती तर क्लच गेला म्हणायचा. पॅडलच्या रबराबद्दल मात्र त्याने कुणालाच विचारलं नाही. ड्रायव्हरच्या सीटची कडा दाबून पाहिली, दार उघडून वर उचलून पाहिलं की बिजागरी खाली आली आहे का. खूप चाललेल्या गाडीची सीट बसलेली असते आणि दार लोंबतं. सीट ताठ होती. दार दोन बोटांनी ढकललं तरी हलकेच जाऊन बसलं.

शेवटी तो पेचकस आणि हातोडी घेऊन खाली शिरला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नुसती ठोकण्याची टणटण ऐकू येत होती. ताई कान देऊन ऐकत होती. गंजलेलं लोखंड बदबद वाजतं, हे तिने घरी इतक्यांदा ऐकलं होतं की इथे तसा एक जरी आवाज आला असता, तर तिला नक्की कळला असता.

तो बाहेर आला तेव्हा सदऱ्याची पाठ धुळीने माखली होती. त्याने पेचकसाचं टोक थोरल्यापुढे धरलं. टोकाला नव्या रंगाच्या सालीसोबत चिकट, जुनं वंगण आलं होतं.

"गंज झाकायला रंग मारलेला नाही," तो म्हणाला. "रंगाखाली वंगणाचा थर आहे, आणि त्याखाली स्वच्छ लोखंड. हे दरवर्षी खालून वंगण लावायचे."

काका आता धीर करून बोलले. रंग मुलीने लावायला लावला, गाडी जरा बरी दिसेल म्हणून. पॅडलचं रबर मेण आणि मधाने निसरडं व्हायचं, म्हणून बदललं. गाडी फार चालली नाही, कारण पेट्या एकदा उतरवल्या की महिना महिना एकाच जागी असायच्या. आणि जोरात तर कधीच चालवली नाही. धक्का बसला की माशा पिसाळतात.

नवऱ्याने हात पुसले.

"ही घ्या," तो म्हणाला.

"आणि तुमची?" धाकट्याने विचारलं.

"माझी घेऊ नका. सकाळी मी वेल्डिंग दाखवलं, ते कोरड्या रस्त्यावर टिकेल. तुम्ही रोज मागची चाकं खाऱ्या पाण्यात बुडवणार. तिथे ते नाही टिकायचं. सकाळी मला वाटत होतं टिकेल. हिच्याखाली जाऊन आल्यावर नाही वाटत."

धाकट्याने पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, मग काळ्या गाडीकडे. दिवसभर ज्याच्याशी तो कुस्ती खेळत होता, त्यानेच त्याची निवड त्याच्या पदरात घातली होती. "मी म्हणत होतोच," एवढंच तो पुटपुटला, आणि मग, जरा वेळाने, "पण मी खाली बघितलं नव्हतं."

थोरल्याचं अजून समाधान झालं नव्हतं. तो म्हणाला की बोलण्याने होड्या वर येत नाहीत, निळी होडी धक्क्याशी तयार आहे, काकांची हरकत नसेल तर ओढून बघू. धाकटा ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला.

"त्याला बसू दे," बाबा म्हणाले.

ते खुर्चीतून उठले होते. कुणाला, हे कुणीच विचारलं नाही.

नवऱ्याने काळी गाडी उतारावर मागे घेतली, ट्रेलर पाण्यात सोडला, यार्डातल्या माणसांनी होडी ट्रेलरवर आणून बांधली. थोरला नेहमीच्या सवयीने ट्रेलरच्या बरोबर मागे, गुडघाभर पाण्यात, इशारे द्यायला उभा राहिला. गाडी जागची हलेना. इंजिन चालू होतं, पण ती हलेना. मग दार उघडलं आणि नवरा खाली उतरला.

"तू मागे असताना मी नाही ओढणार," तो थेट थोरल्याला म्हणाला. "गाडी चांगली आहे. तरी नाही. बाजूला ये."

थोरला पाण्यातून पाय ओढत बाजूच्या कठड्याशी आला आणि त्याने हात वर केला. गाडीचा आवाज जड झाला, चाकांनी ओली दगडी फरसबंदी धरली, आणि निळी होडी पाणी गाळत, अजिबात हिसका न देता, हळूहळू वर आली. उताराच्या मध्यावर थोरल्याने हाताने थांब म्हणून खूण केली. जिथे नवऱ्याने विकलेली ती गाडी सुटली होती, तीच जागा. ब्रेक लागला. गाडी, ट्रेलर, होडी, सगळं तिथेच ठाम उभं राहिलं. थोरला बराच वेळ त्याकडे बघत होता. मग त्याने पुढे चल म्हणून हात हलवला.

ताईला भावजयीने कोपर मारलं. दोघी हसल्या नाहीत, पण एकमेकींकडे बघायचं त्यांनी टाळलं, कारण बघितलं असतं तर डोळे आवरले नसते.

*

परत निघाले तेव्हा भावजयीने डबा बांधून दिला, आणि धाकट्याने पांढऱ्या गाडीची काच पुसून दिली. धरणाच्या कामावर त्याच्या ओळखीचा एक ठेकेदार होता, रस्ता सगळा कोरडा, त्याला अशी गाडी हवी आहे म्हणे. विचारून बघतो म्हणाला. थोरला शेडमध्ये काहीतरी शोधत होता. निरोप घ्यायला तो आला नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग ताईने विचारलं, "आधीच कळलं होतं का तुला, गाडी चांगली आहे ते?"

"नाही," तो म्हणाला. "खाली शिरलो तेव्हा वाटत होतं, एक तरी जागा बदबद वाजू दे. सगळीकडे ठोकून पाहिलं. नाही वाजली."

"मलाही तेच वाटत होतं," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसला; सबंध दिवसात पहिल्यांदाच. तेवढ्यात तिचा फोन वाजला. थोरला होता.

"पोचलात का?" त्याने विचारलं.

"नाही अजून. काय रे?"

पलीकडे शेडमधला एखादा डबा सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गाडीत तेल कुठलं घालायचं ते विचारायचं होतं. काकांना नीट आठवत नाहीये."

"थांब, विचारते. ते गाडी चालवतायत, मी विचारून सांगते तुला."

"तू नको," थोरला म्हणाला. "दाजींना दे. मी थांबतो."

तिने फोन नवऱ्यापुढे धरला. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, आणि फोन कानाला लावून आधी नुसतं "हं" म्हणाला. मग तेलाचं सांगितलं. मग तेलाचा फिल्टर कुठला, ते. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि तो म्हणाला की नाही, तसं करू नकोस, आठवड्यात मी येतो तेव्हा मिळून बघू. मग बोलणं ब्रेकच्या नळ्यांवर गेलं. त्या सगळ्या नव्याने बदलून घ्यायच्या, हे दोघांनाही म्हणायचं होतं, त्यामुळे काही वेळ दोघंही एकाच वेळी बोलत होते.

ताईने आपल्या बाजूची काच खाली केली आणि वारा घेत बसली. तिला कुणी काही विचारत नव्हतं.